एकतीस हजार

त्या वर्षी ज्येष्ठात दादाला दवाखान्यात ठेवलं आणि तेव्हापासून आमच्या घरात सकाळी कोणी कोणाची खुशाली विचारली नाही. 'आज किती?' एवढंच विचारलं जाई. एक दिवसाआड रक्त तपासायला जाई, साडेदहाच्या सुमारास निकाल वहिनीच्या फोनवर येई आणि ती तो घरच्या ग्रुपवर टाकी. मग कोपरीपासून डोंबिवलीपर्यंत आमच्या सगळ्यांचा दिवस त्या आकड्यावर ठरे. चौदा हजार आला की वहिनी भाजी आणायला बाहेर पडे. सात हजार आला की ती दादाच्या खुर्चीजवळून हलत नसे.

आकडा माझ्या मोठ्या भावाच्या रक्तातल्या प्लेटलेटचा होता. प्लेटलेट म्हणजे रक्तातले बारीक कण. जखमेच्या तोंडाशी ते एकमेकांना चिकटतात आणि रक्त अडवतात. धडधाकट माणसात हा आकडा दीड लाखाच्या वर असतो. दादाचा दहा हजारांच्या आसपास घुटमळत असे. हे कण हाडांच्या आत, बोन मॅरोत तयार होतात, आणि दादाचा बोन मॅरो रिकामा झाला होता. का झाला, ते कळलं नाही. बहुतेकांच्या बाबतीत कळत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या.

दादा तेव्हा एकसष्ट वर्षांचा होता आणि हृदय आधीच कमजोर होतं, त्यामुळे बोन मॅरो बदलण्याचा विचार पहिल्याच बैठकीत बाद झाला. घोड्याच्या रक्तद्रवापासून केलेलं एक औषध चार दिवस सलाइनमधून दिलं आणि दादाला घरी सोडलं. लागू पडलं तर त्याचा परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात.

"तोवर त्यांना मोठा रक्तस्राव होऊ द्यायचा नाही. आपलं काम तेवढंच," डॉक्टर म्हणाल्या.

वहिनीने ते काम स्वतःच्या भाषेत करून घेतलं. "नागपंचमी, गोपाळकाला, गणपती, नवरात्र," तिने बोटांवर मोजलं. "दिवाळीपर्यंत यांना नेऊन सोडायचं. पुढचं ते औषध बघेल."

दिवाळीपर्यंत नेण्याचा एकच मार्ग होता: दुसऱ्याच्या प्लेटलेट. देणारा माणूस दीड तास यंत्राला जोडून बसतो. यंत्र त्याच्या रक्तातून प्लेटलेट वेगळ्या काढतं आणि बाकीचं रक्त त्याला परत देतं. शेवटी एक पिशवी भरते, ताकाच्या निवळीच्या रंगाची. ती फ्रिजमध्ये ठेवता येत नाही. खोलीच्या तापमानाला, सतत हलत राहणाऱ्या ट्रेमध्ये ठेवावी लागते, आणि तशी ठेवूनही ती पाच दिवसांत निकामी होते. म्हणजे साठा करता येत नाही. दर चार-पाच दिवसांनी एक नवा माणूस लागतो.

मी वर्तमानपत्रात तीस वर्षं काढून वर्षभरापूर्वीच निवृत्त झालो होतो. हाती वेळ होता, म्हणून माणसं जमवण्याचं काम माझ्याकडे आलं.

दादाच्या घरात या कणांबद्दल सगळ्यांत जास्त माहिती त्याच्या मुलीला होती. ती मुंबईतल्या एका संस्थेत, प्रयोगशाळेत प्लेटलेट तयार करण्याचं काम करत होती. वडिलांच्या आजाराशी त्याचा काही संबंध नव्हता. त्या कामाला ती दोन वर्षं आधीच लागली होती, आणि तोपर्यंत घरातल्या कोणीही ती नेमकं काय करते हे धड ऐकून घेतलं नव्हतं. ज्येष्ठानंतर दादा रोज विचारू लागला.

"काय मॅडम, आज किती पिकवल्या?"

"बाबा, शेती नाही ती."

"मग काय आहे? बी टाकता, खत घालता, ऊब देता. पीक तेवढं येत नाही."

"आज आल्या थोड्या. एक डास चावला तर पुरतील."

"वा! डास आला की तुला हाक मारतो."

ती हसायची आणि चपला काढून आधी त्याच्या पायांवरचे डाग बघायची. त्वचेखाली टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके वाढले असतील तर दुसऱ्या दिवशीचा आकडा काय येणार, ते तिला आदल्या संध्याकाळी कळत असे.

एका साप्ताहिक पुरवणीने याच विषयावर लेख मागितला, म्हणून आषाढात मी तिची प्रयोगशाळा पाहून आलो. शरीराच्या तापमानाला ठेवलेल्या कपाटात गुलाबी द्रवाच्या चपट्या बाटल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली तिने मला एक मोठी पेशी दाखवली. तिच्या कडेने लांब, बारीक धागे फुटले होते. शरीरात या धाग्यांना वाहत्या रक्ताचा धक्का बसतो, त्यांचे तुकडे होतात आणि ते तुकडे म्हणजे प्लेटलेट. बाटलीत रक्त वाहत नाही. धागे फुटतात आणि तसेच राहतात. म्हणून द्रव ढवळावा लागतो. ढवळणं जास्त झालं तर पेशी मरते, कमी झालं तर काही सुटत नाही. शरीरातली अशी एक पेशी हजारोंनी कण देते. बाटलीतल्या पेशीने काही मोजके दिले, तरी तिच्या टेबलावर त्या दिवशी पेढे येत. रुग्णाला लागणाऱ्या एका पिशवीत किती कण असतात, ते तिने माझ्या वहीत लिहून दिलं. तीन आणि त्यापुढे अकरा शून्यं.

"आणि काका, मोजणं सोपं आहे," ती म्हणाली. "मोजायला यंत्र आहे. त्या चिकटतात का, ते वेगळं तपासावं लागतं. दिसायला प्लेटलेट, मोजायला प्लेटलेट आणि कामाला शून्य, असं आमच्याकडे रोज होतं."

हे मी वहीत उतरवून घेतलं. लेखात ते आलं नाही. मर्यादा आठशे शब्दांची होती, आणि ते वाक्य मला बारीक तपशिलाचं वाटलं.

लेख छापून आला त्या सकाळी दादाने तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.

"बरं लिहिलंयस. मला कधी मिळणार, ते कुठे आहे?"

"शेवटच्या परिच्छेदात."

"ते वाचलं. बरीच वर्षं लागतील असं लिहिलंयस." त्याने पेपराची घडी केली. "म्हणजे मला माणसंच लागणार."

माणसं कोपरीच्या गोविंदा पथकाने दिली. दादा तरुणपणी त्या पथकात होता. पुढे वीसेक वर्षं त्याने तिथल्या मुलांना थर लावायला शिकवलं. गुरुपौर्णिमेनंतर शाळेच्या मैदानात सराव सुरू झाला की ऑफिसातून येऊन तो परस्पर तिकडे जाई. आजाराची बातमी पोचली तेव्हा पथकातले बावीस जण एकाच दिवशी तपासणीला आले. शिरा, वजन, स्वतःचा आकडा अशा सगळ्या चाळण्यांतून अकरा जण उरले. वहिनीने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्यांच्या पाळ्या लिहिल्या. आषाढ त्यांच्यावर निघाला. श्रावणाचा पहिला पंधरवडाही निघाला.

त्या पथकाचा एक नियम इथे सांगायला हवा. सर्वांत खालच्या थरातल्या माणसाने, वर माणसं चढायला लागल्यापासून शेवटचा खाली उतरेपर्यंत, तोंडातून शब्द काढायचा नाही. त्याचा खांदा दुखत असला, कोणाचं बोट डोळ्यात गेलं, पायाला गोळा आला, तरी बोलायचं नाही. कारण खालच्याने 'दुखतंय' म्हटलं की वरचा खाली बघतो. बघितलं की त्याचा गुडघा हलतो. गुडघा हलला की त्याच्या वरचे सगळे येतात. दादा मुलांना सांगायचा, "पडायचंच असेल तर मुकाट पड. बोंबलून इतरांना पाडू नको." मुलं हसत, पण नियम पाळत. मैदानाबाहेरही त्यांची सवय तशीच झाली होती. ताप असला तरी ती आपणहून सांगत नसत.

खालच्या थराच्या बरोबर मध्ये उभा राहतो त्याला पथकात 'मधला' म्हणतात. सगळ्यांत जास्त भार त्याच्यावर येतो. दादा त्याच्या काळी मधला होता. त्या वर्षीचा मधला बत्तीस वर्षांचा होता. त्याचं घर कोपरीतल्या जुन्या घरांपैकी. आजोबांपर्यंतची पिढी मिठागरात राबली होती. तो स्वतः वर्तकनगरच्या भागात कुरियरची पार्सलं पोचवत असे. दादाने त्याला बाराव्या वर्षापासून शिकवलं होतं. दादाला तो 'भाऊ' म्हणे, वहिनीला 'काकी'.

गोपाळकाल्याच्या दोन दिवस आधी दादाचा आकडा नऊ हजारांवर आला. हिरड्यांतून रक्त झिरपत होतं. ठाण्यात डेंग्यू जोरात होता आणि डेंग्यूच्या दिवसांत तयार पिशवी कुठल्याच रक्तपेढीत शिल्लक राहत नाही. मी यादी काढली. अकरांपैकी चौघांनी त्याच आठवड्यात दिलं होतं, काहींनी डेंग्यूच्या रुग्णांना. तिघे तापाने पडले होते. दोघे गावी गेले होते. एकाने दंडावर देवी गोंदवून घेतली होती, आणि गोंदवलं की पुढे बरेच महिने रक्त घेत नाहीत. उरला मधला.

"येतो ना काका," तो फोनवर म्हणाला. "टेन्शन नको. कुठे यायचं तेवढं बोला."

यंत्र कल्याणच्या एका रक्तपेढीत मोकळं होतं. मी डोंबिवलीहून गेलो, तो बाइकवरून आला. तिथली तंत्रज्ञ फॉर्म भरून घेत होती आणि मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो.

"जेवलात?"

"आत्ताच. चार चपात्या, दोन अंडी."

"ताप, खोकला, जुलाब?"

"नाय."

"गेल्या तीन दिवसांत कुठली गोळी? अंगदुखी, डोकेदुखी, काहीही?"

"नाय."

"डावा हात पुढे करा."

"उजवा घ्या मॅडम. उजव्याची नस भारी आहे."

त्याच्या अंगाला बामचा वास येत होता. शर्टाची बाही वर करताना त्याने डावा खांदा अजिबात हलू दिला नव्हता. हे दोन्ही माझ्या लक्षात आलं. तीस वर्षं मी नव्या वार्ताहरांना एकच गोष्ट सांगत आलो होतो: पहिल्या उत्तरावर उठू नका, दुसरा प्रश्न विचारा. त्या दिवशी मी दुसरा प्रश्न विचारला नाही. मला पिशवी हवी होती. तो बाद झाला असता तर बारावा माणूस माझ्याकडे नव्हता.

सुई लागल्यावर तो गप्पा मारू लागला. ओठांना मुंग्या आल्या तेव्हा तंत्रज्ञने त्याला कॅल्शियमची गोळी चघळायला दिली.

"काका, भाऊंना सांगा, ह्याच्यातनं माझी अक्कल पण गेली असेल तर परत पाठवा."

"तुमची तपासून बघितली. मोजण्याइतकी नाही निघाली," तंत्रज्ञ म्हणाली.

यंत्राला जोडलेला तो मोठ्याने हसला आणि हसताना डाव्या बाजूला कळ आल्यासारखा मध्येच थांबला. तेही मी पाहिलं.

पिशवी मी मांडीवर घेऊन रिक्षाने आणि मग टॅक्सीने ठाण्याला आणली. हलवत राहा, असं तंत्रज्ञने सांगितलं होतं. रस्त्यातल्या खड्ड्यांनी ते काम केलं. संध्याकाळी पाच वाजता ती दवाखान्यात दादाला लागली आणि रात्री तो घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला ग्रुपवर आकडा आला. एकतीस हजार.

ज्येष्ठापासून इतका आकडा आला नव्हता. ग्रुपवर हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. वहिनीने शिरा केला. मी कोपरीला पोचलो तेव्हा दादा खिडकीशी बसून मैदानातल्या सरावाचे आवाज ऐकत होता. वाटी त्याच्या हातात होती.

"कोणाची होती रे पिशवी?"

"मधल्याची."

"तरीच!" तो म्हणाला. "आठ थर उचलतो तो. मला काय, एकट्याला उचलायचं होतं."

शिऱ्याच्या कडेला लाल होतं. माझ्या नजरेला ते आलं आणि केशर असेल असं मी धरलं. वहिनी शिऱ्यात केशर घालत नाही, हे मला माहीत होतं.

पुतणी त्या दिवशी दुपारीच घरी आली. तिने दादाला चूळ भरायला सांगितली आणि बेसिनमध्ये बघितलं. मग पाय बघितले. नवे ठिपके होते. तिने फोनवरचा निकाल पुन्हा उघडला.

"एकतीस हजार आहेत," ती म्हणाली. "मग हिरड्या का थांबत नाहीत?"

ती मला बाहेरच्या खोलीत घेऊन आली.

"काका, काल देणाऱ्याने गोळी वगैरे घेतली होती का? ॲस्पिरिन असलेली एक जरी गोळी घेतली तरी प्लेटलेट चिकटत नाहीत. मोजणीत मात्र येतात."

"त्याला विचारलं होतं. नाही म्हणाला," मी सांगितलं.

माझ्या उत्तरात चूक काढता आली नसती. विचारलं होतं, तो नाही म्हणाला होता. बामचं मी बोललो नाही. खांद्याचंही नाही. त्या क्षणी ते मुद्दाम लपवलं की आठवलंच नाही, याचा मी पुढे बराच विचार केला आहे. आठवलं होतं.

तिने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी आकडा विचारला. एकतीस हजारांवर आपणहून मोठा रक्तस्राव होत नाही सहसा, त्या म्हणाल्या. हिरड्या एखादा दिवस घेतील, उद्या सकाळी पुन्हा तपासू, तोपर्यंत लक्ष ठेवा. देणाऱ्याने गोळी घेतल्याचं कळलं असतं तर हा आकडा त्यांनी धरलाच नसता आणि दुसरी पिशवी त्याच दुपारी मागवली असती. हे त्यांनी मला नंतर, मी विचारल्यावर सांगितलं.

गोपाळकाल्याच्या सकाळी नऊ वाजता दादाने डोकं दुखत असल्याचं सांगितलं. सव्वानऊला त्याच्या हातातला कप पडला. साडेनऊला तो वहिनीला काहीतरी सांगत होता आणि शब्द एकमेकांत मिसळत होते. दवाखाना टेंभी नाक्याच्या पलीकडे. त्या बाजूचे रस्ते हंड्यांसाठी बंद केलेले होते. रुग्णवाहिका वळसा घालून सव्वादहाला पोचली. तिथे घेतलेल्या रक्ताचा आकडा चोवीस हजार आला. मेंदूच्या चित्रात डाव्या बाजूला पांढरा डाग होता, मुठीएवढा.

रक्तपेढीने दुसऱ्या रुग्णासाठी राखलेली एक पिशवी दिली; ती कल्याणहून निघाली आणि अडीचला आली. तोवर दादाला श्वासाच्या यंत्रावर ठेवलं होतं. ती पिशवी त्याला दिली. आकडा त्रेचाळीस हजार झाला. वहिनीने तो ग्रुपवर टाकला नाही.

त्या संध्याकाळी पथकाने आठ थर लावले, असं ऐकलं. तिसऱ्या दिवशी दुपारी दादा गेला.

मधला सहाव्या दिवशी भेटायला आला. पथकातली बाकीची माणसं आधीच येऊन गेली होती. त्याचा डावा हात गळ्यात अडकवलेला होता.

"हाताला काय झालं रे?" वहिनीने विचारलं.

"खांदा गेलाय, काकी. कधीचाच. सरावाच्या दुसऱ्या आठवड्यात निघालेला. भाऊंना बोललो नाय. बोललो असतो तर मला काढला असता त्यांनी." तो खाली बसला. मग माझ्याकडे वळला. "काका, तुम्हाला पण नाय बोललो. कल्याणला आलेलो ना, त्या दिवशी दोन गोळ्या मारून आलेलो. म्हटलं, सुई आत असताना हात उडायला नको. भाऊंचं काम बिघडायला नको."

पुतणी भिंतीला टेकून बसली होती.

"कुठली गोळी?" तिने विचारलं.

त्याने उजव्या हाताने खिशातून पाकीट काढून तिला दिलं. चार गोळ्या उरल्या होत्या. तिने ते उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचली. दोनदा वाचली. मग पाकीट त्याला परत दिलं.

"ताई, माझं लागलं ना भाऊंना?"

वहिनी तिच्याकडे बघत होती. मीही बघत होतो.

"आकडा एकतीस हजारांवर गेला होता," पुतणी म्हणाली. "इतका आधी कधीच गेला नव्हता."

"एकतीस!" तो वहिनीला म्हणाला. "बघा काकी. म्हणजे लागलं."

तो गेल्यावर मी पुतणीबरोबर जिन्यापर्यंत आलो आणि तिला बामचं सांगितलं. खांद्याचंही सांगितलं. ती कठडा धरून ऐकत राहिली.

"मी विचारलं तेव्हा सांगायचं होतं, काका," ती म्हणाली आणि वर गेली. त्यानंतर दोन महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

डॉक्टरांना मी पुढे भेटलो. त्या गोळीमुळेच झालं असं कोणी सिद्ध करू शकणार नाही, त्या म्हणाल्या. इतक्या रिकाम्या बोन मॅरोत एकतीस हजार चांगल्या प्लेटलेट असूनही मेंदूत रक्त येऊ शकतं. ते औषधही लागू पडलंच असतं, असं नाही. मी हे जसंच्या तसं वहीत लिहिलं आणि खाली त्यांची सही मागावी असं मला वाटलं. जुनी सवय. मागितली नाही.

पुतणी महिन्याभरात प्रयोगशाळेत परत गेली. तिथे त्यांना ढवळण्याचा वेग सापडला होता. एका बाटलीतून आधीपेक्षा कितीतरी जास्त कण सुटू लागले होते. ते चिकटतात का, याची तपासणी सुरू व्हायची होती. हे तिने वहिनीला जेवताना सांगितलं, वहिनीने मला. पेढे आले की नाही, ते मी विचारलं नाही.

पुढच्या गुरुपौर्णिमेच्या आठवड्यात तिचा फोन आला.

"पथकातली मुलं अजून देतात, काका. कोणाकोणाला. त्यांना सांगायला हवं."

"त्याला?"

"त्याला नाही. सगळ्यांना. तुम्ही लिहा, मी बघते."

मी सूचनेचा मजकूर केला. रक्त किंवा प्लेटलेट देण्याआधी तीन दिवसांत अंगदुखीची, डोकेदुखीची किंवा तापाची कोणतीही गोळी घेतली असेल, तर विचारलं नाही तरी सांगावं. बाद झालात तर दुसऱ्या दिवशी देता येईल. तिने खाली एक वाक्य घातलं: गोळी घेतलेल्याच्या प्लेटलेट मोजणीत येतात, पण रक्त थांबवत नाहीत.

"हे नको," मी म्हटलं. "तो वाचेल. आकडा त्याच्या लक्षात आहे."

"माहीत आहे मला."

"सूचना याच्याशिवायही पुरी आहे."

"लेखही पुरा होता," ती म्हणाली. "हे वाक्य दुसऱ्यांदा कापायचं नाही."

पथकाची एक खोली आहे, मैदानाला लागून. दोर, टोप्या, प्रथमोपचाराची पेटी तिथे असते. सरावाच्या पहिल्या संध्याकाळी मी दाराच्या आतल्या बाजूला सूचना चिकटवली आणि बाहेर बाकावर बसलो. मुलं आत जाऊन कपडे बदलून येत होती. काहींनी वाचली, बरेच जण तिच्याकडे न बघता गेले. मधला शेवटी आला. आत गेला आणि लवकर बाहेर आला नाही. दार उघडंच होतं. बाकावरून मला त्याची पाठ दिसत होती.

बाहेर आल्यावर तो माझ्यासमोर उभा राहिला.

"काका, हे आधीपासून माहीत होतं?"

"नियम पहिल्यापासून आहे."

"तसं नाय विचारत. ताईला माहीत होतं?"

"हो."

"मी पाकीट दाखवलं तेव्हा?"

"हो."

मैदानात खालचा थर गोल धरून उभा राहिला होता. मध्ये जागा सोडलेली होती. कोणीतरी त्याला हाक मारली, "अरे ए, ये ना! मुहूर्त काढून येणार का?" त्याने तिकडे बघितलं नाही.

"तुम्ही त्या दिवशी बाजूलाच बसलेलात," तो म्हणाला. "बाम चोपडलेला मी. वास आला असेल."

"आला होता."

त्याने मान हलवली. "म्हणजे आपण दोघं नाय बोललो," तो म्हणाला.

मग तो मैदानात गेला. मला वाटलं, आता सोडलेल्या जागी उभा राहील. तो शिकवणाऱ्यापाशी गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने सांगितलं की, माझा खांदा दुखतो, गेल्या वर्षापासून दुखतो, मी खाली उभा राहणार नाही. गोल धरलेली माणसं त्याच्याकडे वळून बघत राहिली. थर अजून चढायचा होता, त्यामुळे कोणी पडलं नाही. थोड्या वेळाने दुसऱ्या एकाला मध्ये घेतलं.